वाढत्या अंगाची बंदूक

सुमेधाला बंदूक हवी होती ती स्वतःच्या मापाची. बस, एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या क्लबात ती एका म्हाताऱ्या मेंबरच्या उसन्या बंदुकीवर क्ले शूटिंग शिकली, म्हणजे हवेत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला. आणि अशी तरबेज झाली, की पर्थच्या स्पर्धेसाठी क्लबाच्या टीममध्ये तिचं नाव लागलं. हॉस्पिटलात दिवसभर लोकांना भूल देणारी ही बाई चाप ओढला की स्वतः जागी व्हायची. तिच्या नवऱ्याला, विश्रामला, खाणीत इंजिनिअर म्हणून मान होता. क्लबात तोही तबकड्यांवर नेम धरायचा, पण तिथे तो नुसता ‘सुमेधाचा हजबंड’. हे त्याला किती झोंबायचं, ते घरातल्या आदळलेल्या भांड्यांना विचारावं.

म्हातारा बंदूक घेऊन मुलाकडे राहायला गेला, आणि विश्रामच म्हणाला, “चल, वाढदिवसाला तुला ओव्हर-अंडर घेऊन देतो.” म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची. सुमेधा भाबडी, हरखलीच.

पर्थच्या दुकानात ग्लेन नावाच्या विक्रेत्याने चार बंदुका काढून ठेवल्या. तिसरी तिने उचलली आणि लाकडी दस्ता खांद्यात अलगद बसला, गाल आपसूक जागेवर टेकला, नजर सरळ नळीवरून पुढे गेली. दुकानात उभ्याउभ्या तिला रडूच यायचं बाकी राहिलं.

“दॅट्स यू, मेट,” ग्लेन म्हणाला.

विश्रामने ती तिच्या हातातून काढून घेतली, स्वतःच्या खांद्याला लावून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. “हे खेळणं आहे.” मग चौथी उचलली. लांब दस्ता, त्याच्या सहाफुटी देहाला अगदी बेतून शिवल्यासारखा. “ही घेऊ. क्लेला चालेल आणि ट्रेव्हरबरोबर सशांच्या शिकारीलाही.” ट्रेव्हर म्हणजे खाणीचा मॅनेजर. त्याच्या शिकारीचं आमंत्रण मिळावं म्हणून विश्राम कधीपासून त्याच्या पुढेपुढे करत होता.

“अरे, मला लांब पडतेय.”

“होईल सवय! लहानपणी युनिफॉर्म कसा घ्यायचो आपण? वाढत्या अंगाचा!”

दस्ता लांब असला तर दंड सोलून निघतो, असं ग्लेन सांगायला गेला. विश्रामने त्याच्या पाठीवर थाप मारली. “नो वरीज, मेट. शी विल ग्रो.” दुकानातली दोन गिऱ्हाइकंही खो खो हसली. चाळिशीची बाई ती, आता काय कप्पाळ वाढणार होती?

मग सुरू झाले सुमेधाचे हाल. दस्ता काखेत अडकायचा, दणका दंडावर बसायचा. दंड आधी लाल, मग जांभळा, मग काळानिळा. हॉस्पिटलात सुई टोचतानाही दंड ठणकायला लागला. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचे, आणि तबकड्या धडधाकट जमिनीवर येऊन पडायच्या. मागे उभा राहून विश्राम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “मॅडमना झेपत नाहीये!”

दस्ता कापून आखूड करून घेऊ, असं ती एकदा म्हणाली. “भेटीच्या वस्तूला करवत लावतेस? लाज नाही वाटत?”

स्पर्धेआधीच्या शेवटच्या निवड चाचणीत ती सपशेल आपटली. टीममधून नाव गेलं. आणि तिच्या जागी घेतलं कुणाला? विश्रामला! त्याच बंदुकीवर. त्या रात्री त्याने पेढे आणि बिअर दोन्ही वाटलं आणि उरलेला एक पेढा तिच्या तोंडात कोंबला. तिने तो गिळला.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी ट्रेव्हरने विश्रामला शिकारीला बोलावलं. कायद्याने बंदूक सुमेधाच्या नावावर, ती ठेवलेल्या तिजोरीची किल्लीही तिच्याकडे, म्हणून तीही गेली. शुक्रवारी ती कुठे जाऊन आली होती, हे त्याने विचारलं नव्हतं. बायको कुठे जाते याची चौकशी करण्याइतका रस त्याला होता कुठे?

तांबड्या मातीत, खुरट्या झुडपांमधून ससा उठला. विश्रामने ट्रेव्हरकडे एकदा ऐटीत पाहिलं आणि बंदूक खांद्याला लावली. त्याच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी आखूड लागत होतं, पण ससा पळत होता आणि ट्रेव्हर बघत होता. त्याने बार काढला.

धक्क्याने दस्त्यावर आवळलेला त्याचाच अंगठा सणसणीत त्याच्या नाकावर बसला. ससा निसटला. विश्राम मटकन खाली बसला, शर्टभर रक्त. ट्रेव्हरने आधी तोंडावर हात धरला, मग न राहवून हसला.

“दस्ता... दस्ता कापलास तू?” विश्राम गेंगाण्या आवाजात ओरडला.

“माझ्या मापाचा करून घेतला.” सुमेधाने वाकून त्याचं नाक दोन बोटांनी चाचपलं, डॉक्टरच्या सराईतपणाने. तो किंचाळला. “मोडलंय,” ती म्हणाली.

“मग बघतेस काय? हॉस्पिटलला चल!”

ट्रेव्हर गाडीकडे वळला. सुमेधाने जमिनीवरची बंदूक उचलली, माती पुसली, काडतुसं भरली. दस्ता खांद्यात अलगद बसला, गाल जागेवर टेकला. पलीकडच्या झुडपात काहीतरी हललं.

“थांब ट्रेव्हर, घाई नाही,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता, “कळ काढ जरा. होईल सवय.”