धोतराला आलेला काठ

तुम्ही मला थापाड्या म्हणता, म्हणा. पण येवल्यात एका कॅमेऱ्याने पैठणीला काठ विणला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

माझी नात हर्षाली नाशकात फोटो काढते. नवा कॅमेरा तिने इंटरनेटवरच्या एका परीक्षकाच्या भरवशावर घेतला. "फोटोत वस्तूंना रंगाची कड? औषधालाही दिसणार नाही!" तो छातीठोक सांगत होता. दिसेल कशी? गडी पडदे ओढून खोलीतल्या पुस्तकांचे फोटो काढत होता! हर्षालीने मात्र विणकर यादवभाऊंची पांढरी पैठणी भर दुपारी गच्चीवर, लखलखत्या आभाळासमोर टिपली.

तो फोटो इंटरनेटवर पाहून विंचूरच्या सिंधुबाई लेकीच्या लग्नासाठी साडी न्यायला आल्या. आम्हीही तिथंच होतो. घडी उलगडली आणि बाई कडाडल्या, "यादवभाऊ, फोटोत जरीच्या बाहेर एकीकडं जांभळी रेघ व्हती, दुसरीकडं हिरवी. कुठं गेली? एक दाखवायची अन् दुसरीच गळ्यात मारायची व्हय?"

"माय, हीच साडी हाय! रेघ म्या विणलीच नाय!"

यादवभाऊंचा चेहरा पडला. आजा-पणज्यापासून कमावलेलं नाव, आणि दारात शेजारी गोळा झालेले. उन्हात जरीचा रंग पाझरतो, अशी फर्मास थाप माझ्या जिभेवर आली होती. हर्षालीने माझा पाय दाबला.

"मावशी, चूक माझी आहे. मागे झगझगीत उजेड असला की या कॅमेऱ्याचं भिंग फोटोत अशी रंगीत कड सोडतं. मी फोटो नीट पाहिलाच नाही."

"कशावरून?"

हर्षालीने यादवभाऊंनाच गच्चीवर उन्हात उभं केलं आणि टिपलं. सिंधुबाई स्क्रीनवर वाकल्या. भाऊंच्या साध्या धोतराला इकडून जांभळा, तिकडून हिरवा काठ!

"अगं बया! धोतराची पैठणी झाली!" बाई इतक्या हसल्या की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं मनमाडपर्यंत उडाली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण भाऊ, असा काठ खरंच विणाल का? लग्न वैशाखात हाय."

"विणतो की!"

बाई गेल्यावर यादवभाऊंनी हात जोडले. "पोरी, गप बसली असतीस तर तुला कोण इचारणार व्हतं? लय उपकार झाले."

"उपकार कसले, काका! तुमचं धोतर साक्षीला उभं राहिलं म्हणून मी वाचले."

धोतराचा तोच फोटो तिने कॅमेऱ्याचं परीक्षण म्हणून इंटरनेटवर टाकला. पहिलीच विचारणा आली: "कॅमेऱ्याचं कळलं. धोतर कुठं मिळेल?"