सात मिनिटं

देवदारांच्या राईत, उतार सुरू होतो त्या वळणावर इद्दर थांबला आणि बुटाची लेस सोडून पुन्हा बांधू लागला. लेस सैल झाली नव्हती. दम लागला होता, आणि आपण दम खायला थांबलोय हे त्याला स्वतःलाही कळू द्यायचं नव्हतं.

रमजानचे दिवस होते. रोजा सोडायच्या आधीच्या तासाला तो सोळा वर्षं हाच रस्ता धावत आला होता. शर्यतींत माराकेशला पहिला आला होता, कासाब्लांकाला दुसरा, एकदा तर पॅरिसला अकरावा. आता वयाची एकोणचाळीस पुरी झाली होती. आज जेवणानंतर त्याचे गुरू बुअज्जा घरी येणार होते. वसंतातल्या शर्यतीला नाव द्यायचं, की शर्यती सोडून पोरांना शिकवायचं, याचं उत्तर त्यांना आजच हवं होतं. शिकवायला त्याची ना नव्हती. पण हळू धावणाऱ्या माणसाला गावात विचारतो कोण, या भीतीनं त्याला आठवडाभर पोखरलं होतं.

तो गावात उतरला तेव्हा तूदामावशी हातात पळी घेऊन दारात उभी होती. इद्दर वर गेला की ही शेजारची म्हातारी रोजा सोडताना प्यायच्या मसूर-चण्यांच्या सुपाला, हरीऱ्याला, दाट करायला पीठ लावायची, आणि परतला की पातेलं उतरवायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बघायची तिला कधी गरज पडत नसे.

"कुठे उलथला होतास? हरीऱ्याची आटून खळ झाली. आज घड्याळ बघायला लागलं मला. सात मिनिटं!"

"लेस सुटली, मावशी."

"ही थाप बायकोला मार जा. सोळा वर्षांत कधी सुटली नाही ती."

इद्दर भिंतीला हात टेकून श्वास घेत होता. तिने पायानेच तिवई पुढे सरकवली. इतक्या वर्षांत तो या दारात कधी बसला नव्हता. आज बसला, आणि बसल्यावर बरं वाटलं.

"थकतो गं मी आता," घरात कुणालाही न सांगितलेलं तो पळीकडे बघत बोलून गेला. "बुअज्जांना सांगावं म्हणतो, शर्यती पुरे झाल्या."

"मग काय, उद्यापासून घरात बसणार?"

"छे. धावेन की. पण असाच, हळू."

"असाच म्हणजे आजच्याइतका?"

"आजच्याइतका."

ती आत गेली. मशिदीतून अजान सुरू झाली तशी दोन खजूर घेऊन बाहेर आली. एक त्याच्या हातावर ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

"नीट सांग हं," बी काढत ती म्हणाली. "सातच मिनिटं ना? तेवढं पीठ उशिरा लावते मग उद्यापासून."

इद्दरने खजूर सावकाश चावला. तो गोड होता.

"सात धर," तो म्हणाला. "पुढच्या रमजानला आठ."