सापसुरळीची राखण

कुंडलच्या अंबूबाईचा हात जिभेइतकाच चलाख. दुष्काळ सरून दुसरा हिवाळा लागला होता. सकाळी अंगण झाडताना शेणीच्या ढिगाखालून इवलीशी सापसुरळी सळसळली, आणि विखारी समजून बाईनं सवयीनं खराटा हाणला. शेपूट तुटून एकीकडं वळवळायला लागलं, ती दुसरीकडं निपचित पडली.

तेव्हा कुठं अंबूबाई भानावर आली. "अगं बया बया, ह्ये काय करून बसले मी!" सून रंगूबाईला सातवा महिना होता. पोटुशी घरात असताना मुंगीसुद्धा मारायची न्हाई, हा दंडक अंबूबाईनंच घातलेला. त्यापायी घरात कोंबडं कापलं नव्हतं. आधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली. दुसऱ्या खेपेला तर सून मिरजेच्या दवाखान्यातनं जेमतेम जिती आली होती.

शेजारची अख्तरबी कुडावरून डोकावली. "मेली न्हाई ती, अंबूआक्का. दणका बसलाय, त्यात थंडी. शेपूट काय, परत येतंय. हात लावू नगा, उन्हाला पडू द्या. हुशारी आली की आपली आपण जाईल."

"आन तवर कोंबड्यांनी खाल्ली तर?"

"मग बसा राखणीला!" अख्तरबी हसली.

अंबूबाईनं शिव्या घालत सगळ्या कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या आणि जवळच बैठक मारली. चुलीवर दूध उतू गेलं, तरी बाई हलली नाही. "ऊठ गं माझे बाई," ती पुटपुटत होती, "तुझं शेपूट घेतलं, जीव नगं मला."

ऊन चढलं. सापसुरळीनं डोकं उचललं, जरा थबकली आणि सरसर दगडांच्या सांदीत शिरली. अंबूबाईनं हात जोडले. "लय उपकार झालं गं!"

रंगूबाई कवाधरनं दारात उभी होती. "आत्या, एवढा घोर घेऊ नगा," ती हळूच म्हणाली. "ह्या खेपंला नातू मिळंल तुमास्नी."

"नातू?" अंबूबाई उसळलीच. "अगं येडे, नातवाचं देव बघंल. मी तुझ्यापायी बसले हुते! मिरजेहून तू जिती परत आलीस, तवाधरनं रोज देवाचं उपकार मानते. तुला सांगायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं."

रंगूबाईनं सासूचा हात घट्ट धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या घराला आपण हव्या आहोत, हे तिला आज कळलं.