चाल कुणाची

संगीतकार माणूस बोलायला गोड असतो असं लोकांना उगाच वाटतं. आपला हा संगीतकार सहा महिने नुसता भांडत होता. एका कंपनीच्या वेबमालिकेचं शीर्षकसंगीत त्यानं केलं होतं, पहिला सीझन धो धो चालला आणि कंपनीला दुसऱ्याची घाई झाली. कंपनी म्हणे, एकदाच काय ती रक्कम घ्या आणि सगळे हक्क आम्हाला देऊन मोकळे व्हा. हा म्हणे, छे! ज्यानं चाल केली, चालीचा धनी तोच. जितक्यांदा वाजेल तितक्यांदा त्याचा वाटा त्याला मिळायला हवा, आणि नावही पडद्यावर दिसायला हवं. कंपनीच्या हक्क विभागातल्या बाईंना हे वाक्य पाठ झालं होतं. घरी जेवताना आईलाही तेच. आई मुकाट्यानं ऐकायची आणि भाजी वाढायची.

शेवटी बाईंनी हात टेकले. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"मिळाला हो तुमचा वाटा. फक्त एक कागद कमी आहे. सुरुवातीला जी बाई गुणगुणते, तिचं संमतिपत्र."

"ती आमची आई आहे."

"बरं. मग आईंचं संमतिपत्र?"

"अहो, आईचं कसलं आलंय संमतिपत्र!"

"आवाज त्यांचा आहे ना? व्हायोलिनवाल्यापासून झांजवाल्यापर्यंत सगळ्यांचं आहे तुमच्याकडे. शुक्रवारपर्यंत सही आली नाही तर प्रकरण पुन्हा वर जाईल, आणि वरचे टपूनच बसलेत."

आता ते गुणगुणणं तिथं आलं कसं, ते ऐका. दोन वर्षांपूर्वी याला काही केल्या चाल सुचत नव्हती. आई मागच्या खोलीत इस्त्री करता करता काहीतरी गुणगुणत होती. हा फोन घेऊन धावला, "म्हण ना परत!" आईनं दोन ओळी म्हटल्या. मग याला नेहमीचं भय वाटलं. या धंद्यातल्या माणसाला चोर म्हणवून घेण्याइतकी कशाचीच भीती नसते. ते रेकॉर्डिंग त्यानं व्हायोलिनवाल्याला ऐकवलं, म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाला ऐकवलं, जुन्या तबकड्या जमवणाऱ्या एका विक्षिप्त गृहस्थाच्या घरी दोन तास काढले. "हे कुठलं आहे का हो?" कुणालाच ओळखता येईना. याचा जीव भांड्यात पडला. चाल बेवारस आहे असं धरून त्यानं तिला पुढची तिसरी ओळ जोडली, भोवती वाद्यं उभी केली आणि कंपनीच्या फॉर्मवर 'संगीत' या रकान्यात स्वतःचं नाव लिहून टाकलं.

तर बुधवारी दुपारी हा संमतिपत्र घेऊन मागच्या खोलीत गेला. आई इस्त्रीच करत होती.

"आई, इथं एक सही कर पटकन."

पटकन? आईची एकतीस वर्षं नोंदणी कार्यालयात कारकुनीत गेली होती. तिनं इस्त्री बंद केली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. हा आपला दाराला टेकून उभा.

"इथं मला गायिका लिहिलंयस."

"मग? गुणगुणलीस ना तू?"

"गुणगुणले की. आणि चाल तुझी?"

"हो. म्हणजे... तू ती कुठंतरी ऐकली असशील ना?"

"कुठं ऐकणार? मी केली. नोकरीला लागले त्या वर्षी. घरी भावांसमोर गाण्याची चोरी. दुपारी दफ्तरखान्यात कुणी नसायचं, तिथं केली."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?"

त्यानं सगळ्या जगाला विचारलं होतं. जिच्या तोंडून चाल ऐकली तिला सोडून. आई काही करते म्हणजे स्वयंपाक करते, इस्त्री करते, नोकरी केली. चाल करत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"तू म्हणत असशील तर करते सही," आई म्हणाली. "तुझं नुकसान करून मला काय मिळणार? पण मी वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि आता वाचलंय. एवढंच सांगितलं."

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्याकडे पाहत थांबली. टोमणा नव्हता तो. त्यानं मान हलवली असती तर तिनं खरंच सही केली असती, शुक्रवारही साधला असता, आणि ही गोष्ट त्या खोलीबाहेर गेली नसती. त्यानं कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि तिथंच उभं राहून बाईंना फोन लावला.

"चाल माझी नाही. आईची आहे. तिसरी ओळ आणि वाद्यमेळ तेवढा माझा."

बाईंनी त्याचा जुना फॉर्म काढला.

"सगळं स्वतःचं आहे असं तुम्ही लिहून दिलं होतंत."

"दिलं होतं. चूक झाली."

"वरच्यांना आयतं कोलीत मिळेल. करार मोडलासुद्धा तर मला काही करता यायचं नाही."

"मोडू दे."

"बरं बाबा. चालीचा धनी कोण, हे सहा महिने तुम्हीच मला पढवलंय. नवा कागद करून पाठवा, मी नेते वर. वाटे कसे लिहायचे?"

त्यानं आईकडे पाहिलं. "निम्मं निम्मं?"

"चालेल," आई म्हणाली. "पण तिसरी ओळ तू भलतीकडेच नेलीस. खाली नाही उतरत ती."

"म्हणजे? पुढं आहे अजून?"

"आहे की. चांगली दोन कडवी आहेत. कुणी खोलीत आलं की मी गप्प होते, म्हणून तुला ठाऊक नाही."

आणि ती म्हणायला लागली. तिसरी ओळ वर चढली, वरच थांबली, आणि मग अशा जागी वळली की संगीतकाराच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत त्याला असं एकदाही सुचलं नव्हतं. सवयीनं त्याचा हात फोनकडे गेला, रेकॉर्डिंगच्या बटणावर.

आई ओळीच्या मध्येच थांबली.

"आधी कागद," ती म्हणाली.