वावरच परत देऊ

"काका, खाणीत बुटाशिवाय पाय ठेवायचा नाही. किती वेळा सांगू?"

फाटकाशी विनता बुटांचा जोड पुढे धरून उभी होती. समोर बळीराम, पायात झिजलेल्या चपला.

"अन् मी किती वेळा सांगू बाई? वावरात मी चपलाही घालत नाही. हे वावर असतं तं त्याही काढल्या असत्या. खड्डा आहे म्हणून घालून राहिलो."

झालं! बळीरामनं आपली जमीन मुरुमाच्या खाणीसाठी भाड्यानं दिली, तेव्हापासूनची ही जुगलबंदी. विनता तेव्हा शहरातल्या राइट टाउनातून स्कूटरवर नवी नवी यायला लागलेली. खाण संपल्यावर जमीन कशी सावरायची, माती कुठे ठेवायची, पाणी कुठे वळवायचं, हे ठरवणं खाणीच्या कंपनीत तिचं काम. बळीरामच्या अंगणात चहा पिता पिता ती बोलून गेली होती, "काका, वावर घेतोय, वावरच परत देऊ." बोलून गेली खरी, पण त्या एका शब्दानं तिची झोप उडवली.

खोदाईच्या आधी तिनं वरची काळी माती वेगळी काढून घेतली. ठेंगणे ढीग घातले आणि माती मरू नये म्हणून त्यांवर ताग पेरला. मॅनेजर योगेंद्र दुबेला हसू आवरायचं नाही. "मॅडमजी, लोग सोना संभालते हैं, आप मिट्टी!" विजय नगरातल्या बंगलेवाल्यांना बागेसाठी ती माती हवी होती. पण विनतानं एक ढेकूळ फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. हट्टी म्हणा, खडूस म्हणा, तिला फरक पडत नव्हता.

आणि मग, व्हायचं तेच झालं. खड्डा भरून झाला, माती पसरायची वेळ आली, आणि नेमकी ती भावाच्या लग्नाला नागपूरला गेली. योगेंद्रला कसली घाई झाली देव जाणे. त्यानं पसरलेल्या मातीवरूनच भरलेले डंपर फिरवले. ती परतली तर पावसाचं पाणी जागच्या जागी तुंबलेलं, खालची जमीन तव्यासारखी घट्ट. काठावर बळीराम उभा होता. तिला पाहताच तो पाठ फिरवून घराकडे चालू लागला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. संतापानं आणि लाजेनं तिचे डोळे भरून आले.

"पूरी जमीन फिर से तोडनी पडेगी," ती योगेंद्रला म्हणाली.

"पागल हो गई हो क्या, मॅडम?"

"हो गई हूँ, भैया. ट्रॅक्टर बुलाओ."

वरपर्यंत भांडली ती. जमीन पुन्हा खोलवर फोडून घेतली, ताग पेरला, तो हिरवा असतानाच मातीत गाडला. उताराला चर काढून खालच्या कोपऱ्यात तळं केलं.

आज बळीराम शेवटचं पाहायला आला होता. तो हो म्हणाला तर जमीन त्याच्या ताब्यात. नाही म्हणाला तर कंपनी ती भाड्यानंच ठेवून तिथे ट्रक उभे करणार, आणि पुढच्या खाणीत माती जपायचं कुणी नावही काढणार नाही. त्यानं न घातलेले बूट विनतानं बाजूला ठेवले, आणि ती व योगेंद्र त्याच्या मागून निघाले.

परतीचा पाऊस कालच कोसळून गेला होता. बळीराम बांधावरून चालत तळ्यापर्यंत गेला, पाणी पाहिलं, परत आला. मग उकिडवा बसून त्यानं मातीत बोटं खुपसली. मूठ उघडली तर माती भुसभुशीत सुटली, तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं.

"कालचं पाणी कुठं गेलं, बाई?"

"थोडं तळ्यात, काका. बाकीचं जमिनीनं पिऊन टाकलं."

"वाटाणा येईन इथं?"

"ते तुम्ही सांगा."

बळीरामनं हातातली माती गांडुळासकट परत जागेवर सोडली. तो उठला. चपला काढून त्यानं बांधावर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत उतरला. पाय घोट्यापर्यंत रुतले. तो थांबला, कुणाशी तरी बोलल्यासारखा हसला आणि पुढे चालू लागला.

"अरे दादा, बूट!" मागून योगेंद्र ओरडला. "मॅडम, रोको इनको! आप ही का तो नियम है!"

विनताची छाती अभिमानानं भरून आली होती. ती त्याच्याकडे वळली.

"वो नियम खदान का है, भैया."

ती बांधावर बसली. आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट त्या झिजलेल्या चपलांशेजारी ठेवले आणि वावरात उतरली.