अंदाजाने केलेली बिअर

तापातून उठल्यापासून त्याला ना वास येत होता, ना चव लागत होती. पण त्याने सख्ख्या बहिणीलाही पत्ता लागू दिला नाही. यंदाची बिअर त्याने नुसत्या अंदाजाने केली.

शहरातल्या बिअर मेळाव्यात त्याच्या टेबलावर नेहमीसारखीच झुंबड उडाली. लोक एक घोट घेत, तोंड वाकडं करत आणि उरलेली गुपचूप बादलीत ओतत.

"खरं सांग, कशी झालीये?" त्याने बहिणीला विचारलं.

तिने डोळे मिटून अख्खा ग्लास संपवला. "छान झालीये, दादा."

आजवर ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती; पण शेजारची बादली भरत चाललेली त्याला दिसत होती. त्याने पिंपाची तोटी बंद केली.

"मला आता काहीच कळत नाही गं," तो म्हणाला.

दोघांनी मिळून सगळी पिंपं गटारात रिकामी केली. त्यानंतर त्याने भट्टी पेटवली नाही.