विहिरीत सोडलेली तार

रमजान जवळ आला की जाहिदा घर झाडायला काढते, आणि दरवर्षी ट्रंकेच्या तळाशी तो कागद तिच्या हाती लागतो. गोल शिक्का, खाली साहेबांची सही. ‘पूरपरिस्थितीत हॅम रेडिओद्वारे केलेल्या मोलाच्या सेवेबद्दल.’ ती म्हणते, फ्रेम करून दुकानात लावा. मी तिच्यावर खेकसतो. चांगलं काम केलेल्या माणसाला एवढा राग कशाचा येतो, असं ती विचारते. राग नाहीच तो. लाज आहे, आणि ती मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

ब्रह्मपुरीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. मोबाईल आमच्याकडे यायच्या आधीची गोष्ट. परीक्षा देऊन मी हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन्स काढलं होतं. अख्ख्या तालुक्यात ते माझ्या एकट्याकडे, त्यामुळे मान जरा ताठच असायची. त्या वर्षी भादव्यात वैनगंगा चढली. पलीकडच्या मरकाटोल्याचा रस्ता बुडाला आणि शेजारच्या दोन छोट्या वस्त्यांतली, टोल्यांतली माणसंही तिथल्या शाळेत गोळा झाली. तहसील कचेरीतून मला बोलावणं आलं. संच, बॅटरी, तारेची वेटोळी आणि माझ्यापुरता पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन घेऊन मी नावेने तिकडे उतरलो. दिवसातून चार वेळा तिथली खबर द्यायची, एवढंच काम. नागभीडचे गुणवंतराव माझ्यासारखेच लायसन्सवाले. ते ऐकून कचेरीत कळवणार होते.

एरियलची तार उंच बांधायला जंगू नावाचा म्हातारा पुढे आला. साठी कधीच उलटलेली. दोरीला दगड बांधून त्याने पहिल्याच फेकीत ती सागाच्या शेंड्याजवळच्या फांदीवरून पार केली, आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी ‘हं’ म्हणालो आणि कामाला लागलो.

अशी मिळेल त्या लांबीची तार चालते, पण तिला अर्थिंग चांगलं लागतं. तिथे बोटभर माती आणि खाली नुसता मुरूम. तांब्याचा पाइप ठोकायला घेतला तर वीतभर गेला आणि वाकला. तसंच बटण दाबून बोलायला गेलो तर माईकचा ओठाला चटका बसला. तार ताकद बाहेर सोडत नाही, माझ्याच अंगावर परत फेकते आहे, असं मीटरचा काटा सांगत होता. ट्यूनरच्या खुंट्या इकडून तिकडे फिरवल्या. काटा खाली येईना.

माझ्या पिशवीत आणखी चार लांब तारा होत्या. अर्थिंग मिळालं नाही तर त्या जमिनीवर चारी दिशांना पसरायच्या, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण घोटाभर चिखल होता, तारा नव्या कोऱ्या होत्या आणि मी वैतागलो होतो. शाळेला लागूनच विहीर होती, काठापर्यंत भरलेली. पाइप अर्थिंगच्या तारेला जोडला आणि दिला विहिरीत सोडून. खुंट्या जराशा फिरवताच काटा झर्रकन उतरला. गुणवंतरावांचा आवाज आला तेव्हा माझी मी पाठ थोपटून घेतली.

तेवढ्यात पोरं जमली. एक तारेला हात लावायला गेला. बाया पाण्याच्या गुंड्या घेऊन विहिरीवर येत होत्या.

“हटा सारे!” मी ओरडलो. “हिरीत करंट सोडला हाय. हात लावाल त मराल!”

पाण्यात करंट नव्हता. मी बोलत असताना उघड्या तारेला हात लागला तर झिणझिण्या येतील, इतकंच. पण समजावत कोण बसतो? सगळे मुकाट्याने मागे सरले. चला, कटकट गेली, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी उलट्या-हगवण सुरू झाली. आधी दोन पोरं, मग एक बाळंतीण, संध्याकाळपर्यंत बारा जण. मी दर दोन तासांनी गुणवंतरावांना हाक मारू लागलो, सलाईन पाठवा, गोळ्या पाठवा, नर्स पाठवा. नदीला एवढी ओढ होती की नाव निघेना. बोलून बोलून माझा घसा बसला. चौथ्या दिवशी दुपारी जंगू गेला. तो गेला तेव्हा मी हेडफोन लावून त्याच्याचसाठी सलाईन मागत होतो.

पाचव्या दिवशी नाव आली. रंजीता सिस्टरने सगळ्यांना तपासलं, बाटल्या लावल्या आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, “नाल्याचं पानी पेऊन राह्यले हे लोक. हीर दारात असून. काय बोलावं यायले!”

“आळस, दुसरं काय,” मी म्हणालो. खरंच म्हणालो.

ती गेली आणि इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली जंगूची सून सोमारी पुढे आली. काखेत रिकामी गुंडी होती.

“भाऊ, रागावू नका. म्या चोरी केली.”

“कशाची?”

“हिरीतल्या पान्याची. तुमी करंट हाय म्हनलं, म्हून सारं गाव नाल्यावर जात होतं. पन माही पोरगी लहान, अन् नाल्याचं पानी गढूळ. म्या रोज पहाटे एक गुंडी काढत होती. मले काई नाई झालं. पोरीलेबी नाई झालं.”

पाच दिवस त्या बाया माझ्या डोळ्यांसमोरून गुंड्या घेऊन नाल्याकडे उतरत होत्या, आणि मी कॅनमधलं पाणी पीत त्यांच्याकडे बघत होतो.

“आनि जंगूबाबा?” मी विचारलं.

“बुढ्याले देल्लं म्या. त्यानं नाई पेलं. म्हने, तार माह्या हातानं बांधली हाय, भाऊचा शब्द मोडाचा नाई.” तिने पदर तोंडाला लावला. “भाऊ, म्या पानी काढलं म्हून तुमचा करंट कमी त नाई झाला? म्हून त नाई ना दवाई उशिरा आली?”

मी विहिरीवर गेलो, पाइप ओढून बाहेर काढला. पिशवीतल्या चारही तारा त्या चिखलात पसरल्या. वीस मिनिटं लागली. संचाशी जोडून, खुंट्या फिरवून बटण दाबलं. काटा विहिरीत पाइप असताना होता तेवढाच खाली.

“आज आवाज लय साफ येऊन राह्यला, नूरभाऊ,” गुणवंतराव पलीकडून म्हणाले. “काय केलं?”

मी ‘काही नाही’ म्हणून बंद केलं. सोमारी तिथेच उभी होती.

“बाई, तुमच्यानं काई झालं नाई,” मी म्हणालो.

“खरं सांगता?”

“अल्ला कसम.”

“मंग करंट?”

“काढला आता. भरा पानी.”

नव्हताच, असं सांगायला हवं होतं. ते शब्द माझ्या तोंडाशी आले होते आणि मी ते गिळले. तिने मला हात जोडले, शाळेकडे वळली आणि हाक मारली, “या वं बायाहो, भाऊनं करंट काढला!”

बाया आल्या. एकेकीने गुंडी भरली आणि जाताना मला हात जोडले. मी विहिरीपाशी उभा राहून सगळ्यांचे नमस्कार घेतले.